पडदा एक, कामे दोन
संगणकाचा मॉनिटर घरासाठी निवडताना

१९८४ साली डॉ. सी. रंगराजन समितीने बँकांच्या यांत्रिकीकरणासंबंधी अहवाल सादर केला आणि त्यानंतरच्या काळात शाखाशाखांतून खतावणीच्या नोंदी करणारी संगणकयंत्रे येऊ लागली. काळ्या पडद्यावर एकाच रंगात उमटणारी ठसठशीत अक्षरे अनेक ज्येष्ठ कर्मचाऱ्यांच्या स्मरणात असतील. पडदा निवडण्याचा प्रश्न त्या काळी उद्भवत नसे. यंत्रासोबत जो येई, तोच वापरावा लागे.

आज परिस्थिती पूर्णपणे पालटली आहे. दिल्लीचे नेहरू प्लेस, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बंगळूरचा एस. पी. रोड किंवा चेन्नईची रिची स्ट्रीट यांपैकी कोणत्याही बाजारात मॉनिटर मागितला, तर विक्रेता डझनभर नमुने समोर मांडतो आणि प्रत्येक खोक्यावर आकड्यांची गर्दी असते : २७ इंच, ४के, १८० हर्ट्झ, १ मिलिसेकंद, एचडीआर ४००. या आकड्यांचा अर्थ घरातील तरुण मुलाला ठाऊक असतो, परंतु पैसे देणाऱ्या वडीलधाऱ्यांना तो बहुधा ठाऊक नसतो. मुलाला पडदा हवा असतो तो खेळासाठी. आई किंवा वडील त्याच पडद्यावर दिवसभर हिशेबाची पाने, पत्रव्यवहार आणि अहवाल पाहणार असतात. मॉनिटर मात्र एकच यायचा असतो.

हा निर्णय क्षुल्लक नाही. संगणकाचा प्रोसेसर व अन्य भाग चार-पाच वर्षांत जुने ठरतात, पण चांगला मॉनिटर बहुधा त्यांच्याहून अधिक काळ टिकतो. तो दररोज कित्येक तास डोळ्यांसमोर राहतो. त्यामुळे निवड चुकली, तर तिचा भुर्दंड पैशाच्या रूपाने एकदा आणि डोळ्यांच्या त्रासाच्या रूपाने रोज भरावा लागतो. म्हणूनच खेळ आणि काम या दोहोंच्या गरजा नेमक्या कोठे वेगळ्या पडतात, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

दोन कामांच्या दोन मागण्या

कार्यालयीन काम हे मुख्यतः वाचनाचे काम असते. पडद्यावरील अक्षरे स्थिर असतात आणि डोळा त्यांवरून फिरतो. अशा कामाला रेखीव अक्षर, भरपूर जागा आणि डोळ्यांना सोसवेल असा प्रकाश हवा असतो.

खेळात याच्या उलट घडते. तेथे दृश्य धावते आणि डोळा त्याचा पाठलाग करतो. मोटारींची शर्यत असो वा नेमबाजीचा खेळ, क्षणार्धात बदलणारे चित्र जितके लवकर आणि जितके स्वच्छ दिसेल, तितका खेळाडूचा प्रतिसाद नेमका होतो. ई-स्पोर्ट्सना भारत सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये युवक कल्याण व क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत आणले. २०२३ साली हांगझोऊ येथे भरलेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेतही त्यांना पदकांचा दर्जा मिळाला. तेव्हा वेगवान पडद्याची मागणी म्हणजे केवळ मुलांचा हट्ट, असे समजण्याचे कारण नाही.

थोडक्यात, कामाला रेखीवपणा हवा आणि खेळाला वेग हवा. हे दोन्ही गुण एकाच पडद्यात मिळू शकतात, पण त्यांची किंमत एकाच खिशातून चुकवावी लागते. हा जमाखर्च पुढे सविस्तर येईलच.

रेखीवपणा : आकडा पडद्याचा, कसोटी डोळ्याची

पडद्यावरील चित्र हे असंख्य बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. १९२०×१०८० या प्रचलित रिझोल्यूशनमध्ये सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात. २५६०×१४४० मध्ये ते सुमारे ३६.९ लाख होतात. ३८४०×२१६०, म्हणजे ज्याला ४के म्हणतात, त्यात ते सुमारे ८२.९ लाख असतात.

परंतु केवळ एकूण संख्येवरून काही ठरत नाही. तेच पिक्सेल मोठ्या पडद्यावर पसरले, तर प्रत्येक ठिपका मोठा होतो. २४ इंची १९२०×१०८० पडद्यावर एका पिक्सेलची रुंदी सुमारे ०.२८ मिलिमीटर असते. तेच रिझोल्यूशन २७ इंचांवर घेतले, तर ती ०.३१ मिलिमीटर होते. म्हणजे मोठा पडदा घेऊन अक्षर अधिक भरड होते. २७ इंचांवर २५६०×१४४० घेतल्यास पिक्सेल ०.२३ मिलिमीटरचा आणि ४के घेतल्यास सुमारे ०.१६ मिलिमीटरचा होतो.

या आकड्यांचा मेळ डोळ्याशी घालावयास हवा. निकोप दृष्टीच्या माणसाला एका अंशाच्या साठाव्या भागाइतका सूक्ष्म भेद ओळखता येतो, असे नेत्रतपासणीचे प्रमाण मानले जाते. ६० सेंटिमीटर अंतरावर, म्हणजे साधारणतः हातभर अंतरावर, हा भेद सुमारे ०.१७ मिलिमीटर भरतो. याचा अर्थ असा की, त्या अंतरावरून २४ इंची साध्या पडद्याचे ठिपके लक्षपूर्वक पाहणाऱ्याला जाणवतील, २७ इंची २५६०×१४४० पडद्याचे किंचित जाणवतील आणि २७ इंची ४के पडद्याचे जाणवणार नाहीत.

देवनागरीत काम करणाऱ्यांसाठी या मुद्द्याला विशेष महत्त्व आहे. रोमन लिपीपेक्षा देवनागरी अक्षरात मात्रा, वेलांट्या, अनुस्वार, रफार आणि जोडाक्षरे यांची दाटी अधिक असते. ‘खात्यात’ आणि ‘खात्यांत’, ‘त्याचे’ आणि ‘त्यांचे’ यांतील भेद एका ठिपक्याचा असतो. भरड पडद्यावर लहान टंकातील असा अनुस्वार शिरोरेषेत विरून जातो आणि वाचणाऱ्याला वारंवार मान पुढे न्यावी लागते. दिवसअखेर दुखणाऱ्या मानेचे कारण पुष्कळदा खुर्चीत शोधले जाते, पण ते पडद्यातही असू शकते.

जागेचाही विचार करावा. तक्ते हाताळणाऱ्या प्रचलित सॉफ्टवेअरमध्ये एका ओळीची नेहमीची उंची २० पिक्सेल असते. १०८० ऐवजी १४४० पिक्सेल उंचीचा पडदा घेतला, तर ३६० पिक्सेल अधिक मिळतात, म्हणजे एका दृष्टिक्षेपात सुमारे १८ ओळी अधिक दिसतात. ताळेबंद पाहणाऱ्याला हा लाभ लगेच जाणवतो. ४के पडदा २७ इंचांचा असेल, तर मूळ मापात अक्षरे फारच लहान दिसतात, म्हणून ती १५० टक्के मोठी करून घ्यावी लागतात. तसे केल्यावर जागा २५६०×१४४० इतकीच मिळते, पण अक्षरे मात्र अधिक रेखीव होतात.

वेग : हर्ट्झचा हिशेब

पडदा एका सेकंदात जितक्या वेळा नवे चित्र दाखवू शकतो, त्या संख्येला रिफ्रेश रेट म्हणतात आणि तो हर्ट्झमध्ये मोजतात. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकते. १४४ हर्ट्झवर ते ६.९ मिलिसेकंद, तर २४० हर्ट्झवर ४.२ मिलिसेकंद टिकते.

याचा परिणाम प्रत्यक्षात कसा दिसतो, ते पाहू. १९२० पिक्सेल रुंदीचा पडदा एखादी मोटार दोन सेकंदांत पार करते, असे समजा. म्हणजे तिचा वेग सेकंदाला ९६० पिक्सेल झाला. ६० हर्ट्झच्या पडद्यावर ती दर चित्रागणिक १६ पिक्सेल उडी घेते. डोळा मात्र सलग फिरत असतो, त्यामुळे मोटारीच्या कडा सुमारे १६ पिक्सेलभर पुसट दिसतात. १४४ हर्ट्झवर हा पुसटपणा सुमारे ७ पिक्सेलांवर आणि २४० हर्ट्झवर ४ पिक्सेलांवर येतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ६० वरून १४४ हर्ट्झवर गेल्यास प्रत्येक चित्रामागे सुमारे ९.७ मिलिसेकंद वाचतात. १४४ वरून २४० वर गेल्यास केवळ २.८ आणि २४० वरून ३६० वर गेल्यास अवघे १.४ मिलिसेकंद वाचतात. आकडा जसजसा वाढतो, तसतसा प्रत्यक्ष लाभ घटत जातो, किंमत मात्र चढत राहते. स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूला शेवटचे दोन मिलिसेकंदही मोलाचे असतील, पण हौसेने खेळणाऱ्याला पहिल्या टप्प्यातच बहुतांश लाभ मिळून जातो.

संगणक प्रत्येक चित्र समान अवधीत तयार करू शकत नाही. दृश्य गुंतागुंतीचे झाले की वेग मंदावतो आणि मग पडदा व संगणक यांची लय चुकून चित्र आडवे फाटल्यासारखे दिसते किंवा अडखळते. यावर उपाय म्हणून पडद्याने संगणकाच्या गतीशी जुळवून घेण्याचे तंत्र निघाले. एनव्हिडियाने २०१३ मध्ये जी-सिंक जाहीर केले. २०१४ मध्ये व्हेसा या संस्थेने अ‍ॅडॅप्टिव्ह-सिंक हे खुले मानक आणले आणि एएमडीचे फ्रीसिंक त्यावरच उभे राहिले. जानेवारी २०१९ पासून एनव्हिडियाची कार्डेही अशा मॉनिटरांशी जुळू लागली. त्यामुळे या सोयीसाठी आता मोठी जादा रक्कम मोजण्याचे कारण उरलेले नाही. खेळासाठी घेतलेल्या मॉनिटरमध्ये ती असावीच.

खोक्यावरील मोहक आकडे

‘१ मिलिसेकंद’ हा आकडा प्रतिसादकाळ दर्शवतो, म्हणजे एका पिक्सेलला एका छटेतून दुसऱ्या छटेत जाण्यास लागणारा वेळ. हा आकडा अनेकदा ओव्हरड्राइव्ह नावाची सोय कमाल पातळीवर ठेवून मोजलेला असतो. त्या पातळीवर हलणाऱ्या वस्तूंमागे उजळ सावल्या उमटतात, म्हणून प्रत्यक्षात ती कोणी वापरत नाही. शिवाय, माऊस हलवल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंतचा विलंब ही निराळीच बाब आहे आणि ती खोक्यावर क्वचितच छापलेली असते. त्यामुळे या एका आकड्यावर निर्णय सोपवू नये.

‘एचडीआर’ या अक्षरांचेही तसेच आहे. व्हेसाने डिसेंबर २०१७ मध्ये एचडीआरच्या श्रेणी ठरवून दिल्या. त्यांतील ४०० ही सर्वांत खालची श्रेणी होय. तिला पडद्याचे वेगवेगळे भाग स्वतंत्रपणे मंद करण्याची व्यवस्था बंधनकारक नाही. अशा पडद्यावर उजेड वाढतो, पण काळोख गडद होत नाही. कोट्यवधींच्या घरातील ‘डायनॅमिक कॉन्ट्रास्ट’ची प्रमाणे तर दुर्लक्ष करण्याजोगीच असतात.

एका खिशातून दोन खर्च

मुख्य मुद्दा आता येतो. पडदा केवळ दाखवण्याचे काम करतो. दाखवावयाचे चित्र संगणकाचे ग्राफिक्स कार्ड तयार करते. त्या कार्डाची क्षमता ही महिन्याच्या ठरावीक पगारासारखी असते. ती पिक्सेलांवर खर्च करावी किंवा चित्रांच्या संख्येवर करावी. दर सेकंदाला किती पिक्सेल तयार करावे लागतात, याचा हिशेब पुढीलप्रमाणे मांडता येईल :

१९२०×१०८०, ६० हर्ट्झ : सुमारे १२.४ कोटी
१९२०×१०८०, १४४ हर्ट्झ : सुमारे २९.९ कोटी
३८४०×२१६०, ६० हर्ट्झ : सुमारे ४९.८ कोटी
२५६०×१४४०, १४४ हर्ट्झ : सुमारे ५३.१ कोटी
३८४०×२१६०, १४४ हर्ट्झ : सुमारे ११९.४ कोटी

हे आकडे स्थूल आहेत. खेळाचे ओझे केवळ पिक्सेलांवर ठरत नाही. तरीही त्यांतून दिशा स्पष्ट होते. ‘४के आणि १४४ हर्ट्झ’ हे दोन्ही एकत्र मागणाऱ्या पडद्याला जुन्या ६० हर्ट्झच्या साध्या पडद्याच्या जवळजवळ दसपट काम लागते. घरातील संगणक मध्यम क्षमतेचा असेल, तर असा पडदा घेणे म्हणजे अरुंद गल्लीतील घरासाठी लांबलचक मोटार घेण्यासारखे होय. कमी रिझोल्यूशनवर चित्र तयार करून ते मोठे करण्याची डीएलएसएस व एफएसआर ही तंत्रे या ओझ्यातून बराच दिलासा देतात, परंतु ती प्रत्येक खेळात उपलब्ध नसतात.

कामाला मात्र हे ओझे फारसे जाणवत नाही. स्थिर अक्षरे दाखवण्यासाठी ४के पडद्यालाही साधे, अंगभूत ग्राफिक्स पुरते. म्हणून मॉनिटर ठरवण्यापूर्वी घरातील संगणकात कोणते कार्ड आहे, हे पाहणे ही पहिली पायरी आहे.

पडद्याची जात

आजच्या मॉनिटरांत मुख्यतः चार प्रकारची पॅनेल आढळतात. टीएन हा जुना प्रकार वेगवान असला, तरी बाजूने पाहताना त्याचे रंग पालटतात. आता तो मागे पडत चालला आहे. आयपीएसचे रंग कोणत्याही बाजूने स्थिर दिसतात आणि अक्षरेही स्वच्छ उमटतात. मात्र त्याचा काळा रंग अंधाऱ्या खोलीत किंचित राखाडी वाटतो, कारण त्याचे उजेड-काळोखाचे प्रमाण साधारणतः १००० : १ असते. व्हीए प्रकारात हे प्रमाण ३००० : १ च्या आसपास असल्याने चित्रपट व रात्रीची दृश्ये खुलून दिसतात, परंतु गडद छटा बदलताना काही नमुन्यांत मागे धूसर सावली राहते.

ओएलईडी पडद्यात प्रत्येक पिक्सेल स्वतः प्रकाशतो आणि स्वतः विझतो. त्यामुळे त्याचा काळा रंग खराखुरा काळा असतो व प्रतिसादही अतिशय जलद असतो. खेळासाठी तो उत्तम होय. पण दिवसभर एकाच जागी राहणारी पट्टी किंवा तक्त्याच्या रेषा यांचा कायमचा ठसा त्यावर उमटण्याचा धोका असतो. शिवाय, त्यातील उपपिक्सेलांची मांडणी निराळी असल्याने अनेक नमुन्यांत अक्षरांच्या कडांना रंगीत झाक येते. दिवसाचे आठ तास तक्ते पाहणाऱ्याने ओएलईडीचा विचार या दोन्ही बाबी लक्षात घेऊनच करावा.

केबल लहान, अडचण मोठी

महागडा मॉनिटर आणूनही अपेक्षित फळ न मिळण्याचे एक कारण अगदी किरकोळ असते, ते म्हणजे जोडणी. एचडीएमआय १.४ या जुन्या जोडणीवरून ४के चित्र सेकंदाला केवळ ३० वेळा जाते, त्यामुळे माऊसही अडखळत चालल्यासारखा वाटतो. ४के व ६० हर्ट्झसाठी एचडीएमआय २.० लागते. ४के व १२० हर्ट्झसाठी एचडीएमआय २.१ किंवा डिस्प्लेपोर्ट १.४ हवे. प्लेस्टेशन ५ सारख्या खेळयंत्राचे ४के चित्र १२० हर्ट्झवर पाहावयाचे असेल, तर एचडीएमआय २.१ आवश्यक ठरते. संगणक, मॉनिटर आणि केबल या तिघांतील जो दुबळा असेल, त्याच्याच क्षमतेवर सारे थांबते.

नवा मॉनिटर जोडल्यावर संगणकाच्या सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट तपासावा. १४४ किंवा १८० हर्ट्झचा पडदा ६० हर्ट्झवरच चालू राहिल्याची उदाहरणे काही कमी नाहीत. लॅपटॉप वापरणाऱ्यांना यूएसबी-सी जोडणी असलेला मॉनिटर सोयीचा पडतो. विजेचा पुरवठा पुरेसा असेल, तर एकाच केबलने चित्रही जाते आणि लॅपटॉप चार्जही होतो.

कोणी काय घ्यावे?

दिवसाचा बहुतेक वेळ वाचन, लेखन आणि हिशेब यांत जात असेल आणि खेळ क्वचित होत असेल, तर २७ इंची ४के आयपीएस पडदा, ६० हर्ट्झचा असला तरी, अधिक समाधान देईल. अंदाजपत्रक मर्यादित असल्यास २४ इंची १९२०×१०८० आयपीएस पडदा पुरेसा आहे. तो ७५ ते ९० सेंटिमीटर अंतरावर ठेवावा आणि अक्षरे थोडी मोठी करावीत. भांडवल बाजाराचे किंवा लेखातपासणीचे काम करणाऱ्यांना एका मोठ्या पडद्याऐवजी दोन साधे पडदे शेजारी ठेवणे अनेकदा स्वस्त आणि सोयीचे पडते.

घरातील खेळाडू वेगवान स्पर्धात्मक खेळ खेळणारा असेल आणि पडदा केवळ त्याच्यासाठीच घ्यावयाचा असेल, तर २४ किंवा २५ इंची, १९२०×१०८० रिझोल्यूशनचा, २४० हर्ट्झचा पडदा योग्य ठरेल. त्यात कार्डाची सारी शक्ती वेगाकडे वळते.

परंतु दिवसा काम आणि सायंकाळी खेळ अशी विभागणी असलेल्या कुटुंबासाठी २७ इंच, २५६०×१४४० आणि १४४ ते १८० हर्ट्झ हा आयपीएस पडदा सुवर्णमध्य म्हणावा लागेल. वरील हिशेबात त्याचे ओझे ४के व ६० हर्ट्झच्या जवळपास भरते. अक्षरे पुरेशी रेखीव राहतात, १८ ओळींची जादा जागा मिळते आणि वेगाचा बहुतांश लाभही पदरात पडतो. संगणकात स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसेल आणि नजीकच्या काळात घ्यावयाचेही नसेल, तर मात्र वेगासाठी जादा पैसे मोजू नयेत.

हप्ता, बिल आणि हमी

मॉनिटर पुष्कळदा ‘विनाखर्च हप्त्यां’वर घेतला जातो. शून्य टक्के व्याज ही कल्पनाच मुळात अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात स्पष्ट केले होते. एक उदाहरण घेऊ. २४,००० रुपयांचा मॉनिटर दरमहा २,००० रुपयांच्या १२ हप्त्यांत मिळतो आणि रोखीने घेणाऱ्यास १,८०० रुपये सूट आहे. म्हणजे त्याची खरी किंमत २२,२०० रुपये झाली आणि त्यावर १,८०० रुपये अधिक भरले गेले. मुद्दल दरमहा घटत जाते, हे लक्षात घेता हा दर दरसाल सुमारे साडेचौदा टक्के पडतो. कार्डावरील हप्त्यांच्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क असल्यास ते निराळे. हप्ता घेऊच नये, असा याचा अर्थ नाही. रोखीची किंमत विचारल्याशिवाय हप्ता स्वीकारू नये, एवढेच.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या मॉनिटरांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. लहान मॉनिटरांवर तो आधीपासूनच १८ टक्के होता. त्यामुळे रुंद पडद्यांचे जुने दरपत्रक आधारास घेऊ नये. नोंदणीकृत व्यापारी ग्राहकाने व्यवसायासाठी मॉनिटर घेतल्यास बिलावर आपला जीएसटी क्रमांक नोंदवून घ्यावा, म्हणजे नियमानुसार कराची वजावट मागता येते.

मॉनिटरच्या मागील बाजूस भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह व नोंदणी क्रमांक आहे का, ते पाहावे. सेवाकेंद्र आपल्या गावी आहे का, याचीही चौकशी करावी. बँक कर्मचाऱ्यांनी तर याबाबत विशेष दक्षता घ्यावी, कारण गुवाहाटीला घेतलेला मॉनिटर बदलीनंतर कोचीला न्यावा लागू शकतो. हमी भारतभर लागू आहे ना, हे विचारून घ्यावे आणि मूळ खोके व थर्माकोल जपून ठेवावे. वाहतुकीत फुटलेला पडदा हमीखाली येत नाही. काही ठिपके कायमचे बंद किंवा कायमचे पेटलेले असल्यास कंपनी पडदा बदलून देईलच, असे नाही. त्यासंबंधीची अट आधी वाचावी आणि पहिल्याच दिवशी पांढऱ्या, काळ्या व रंगीत पार्श्वभूमीवर पडदा तपासावा. दाद मिळत नसल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

जुना मॉनिटर भंगारवाल्याला देऊ नये. जुन्या काचनळीच्या पडद्यांत शिसे असते. सुरुवातीच्या अनेक एलसीडी पडद्यांच्या दिव्यांत पारा असतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडेच तो सोपवणे उचित होय.

डोळ्यांचा वाटा

कितीही उत्तम पडदा आणला, तरी मांडणी चुकली तर उपयोग नाही. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीवर किंवा किंचित खाली असावी. त्यासाठी उंची कमी-जास्त करता येणारा स्टँड असलेला नमुना निवडावा. ते शक्य नसल्यास मागे १०० मिलिमीटर चौकोनातील चार छिद्रे आहेत का, ते पाहावे, म्हणजे पुढे स्वतंत्र स्टँड बसवता येतो. खिडकी पडद्याच्या पाठीमागे किंवा समोर नसावी. ती बाजूला असावी. पडद्याची उजळपणाची पातळी खोलीतील प्रकाशाशी जुळती ठेवावी. ग्राहकांची माहिती घरून हाताळणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी : आयपीएस पडदा बाजूनेही स्पष्ट वाचता येतो, म्हणून तो दाराकडे तोंड करून ठेवू नये.

पडद्यातील निळ्या प्रकाशाची भीती घालून पुष्कळ साधने विकली जातात. अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञांच्या अकादमीच्या मते, पडद्यातील निळ्या प्रकाशाने डोळ्यांना इजा होते, असा पुरावा नाही. पडदा पाहताना पापण्या कमी वेळा मिटतात आणि त्यामुळे डोळे कोरडे पडतात, हेच थकव्याचे एक प्रमुख कारण आहे. दर २० मिनिटांनी २० फूट अंतरावरील वस्तूकडे २० सेकंद पाहावे, हा तिने सांगितलेला नियम काम करणाऱ्यांइतकाच खेळणाऱ्यांनाही लागू आहे आणि त्यास काहीही खर्च येत नाही.

अंथरूण पाहून पाय पसरावे, असे आपल्याकडे म्हटले जाते. मॉनिटरच्या बाबतीत अंथरूण केवळ पैशाचे नसते. टेबलाची खोली, संगणकाची क्षमता आणि घरातील कोणाचे किती तास त्यासमोर जाणार, हेही त्यात मोडते. दुकानात जाण्यापूर्वी घरातील सर्वांनी एकत्र बसून या चार गोष्टी कागदावर मांडल्या, तर खोक्यावरील आकड्यांपैकी कोणते आपल्या उपयोगाचे आणि कोणते नाहीत, हे आपोआप स्पष्ट होईल. मुलाची हौस आणि वडिलांची काळजी यांचा हिशेबही मग एकाच पानावर जुळेल.